गुणगुण, खरखर आणि शिट्टी
(ध्वनिवर्धक संचाची निगा व दुरुस्ती : काही अनुभव)

— द्वितीय वर्ष कला

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी कथा किंवा कविता द्यावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी कविता करून पाहिल्या. त्या मलाच आवडल्या नाहीत. मग जे आपल्याला खरोखर येते तेच लिहावे असे ठरवले. मला येते ते एवढेच : भजन, कीर्तन, लग्न, जत्रा किंवा स्नेहसंमेलन अशा प्रसंगी लावायचा ध्वनिवर्धक संच कसा सांभाळावा, आणि ऐन कार्यक्रमात तो रुसला तर त्याची समजूत कशी घालावी.

आमचे गाव माण तालुक्यातले. वडील सातवीपर्यंत शिकले, आईने शाळा पाहिली नाही. घरातून महाविद्यालयात येणारी पहिली मीच. वडिलांचा (आम्ही त्यांना आण्णा म्हणतो) मंडप आणि स्पीकरचा छोटा धंदा आहे. दोन मोठे स्पीकर, दोन लहान, चार कर्णे, एक ॲम्प्लिफायर, आठ माईक आणि केबलींनी भरलेली एक पत्र्याची पेटी, एवढा संच 'छोटा हत्ती' गाडीत घालून आम्ही गावोगाव जातो. मुलीने खांद्यावर केबलींची वेटोळी टाकून स्टेजवर चढावे, हे पहिल्यांदा पुष्कळांना रुचले नव्हते. आता सवय झाली आहे, त्यांना आणि मलाही.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात गाण्याच्या मध्येच एक माईक मुका झाला, तेव्हा मी तो दोन मिनिटांत चालू करून दिला. नंतर मैत्रिणींनी विचारले, "तुला कसं कळलं कुठं बिघडलंय ते?" त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर म्हणजे हा लेख.

आवाजाचा प्रवास

1921 साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून केलेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग प्रेक्षकांनी ध्वनिवर्धकाशिवाय ऐकला. गळा हेच त्या काळचे यंत्र. आज आपण ज्या जातीचा स्पीकर वापरतो त्याची मांडणी राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन संशोधकांनी 1925 साली प्रसिद्ध केली. त्यामागचे तत्त्व मात्र त्याहून जुने. चुंबकाजवळ तारेचे वेटोळे हलले की त्यात वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली दाखवून दिले होते.

साधा डायनॅमिक माईक याच तत्त्वावर चालतो. आत एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेले बारीक तारेचे वेटोळे, आणि भोवती चुंबक. आपण बोललो की पडदा थरथरतो, वेटोळे हलते आणि वीज उत्पन्न होते. स्पीकरमध्ये हेच उलट घडते. वेटोळ्यात वीज सोडली की ते हलते आणि कागदी पडदा हवा ढकलतो. म्हणजे माईक आणि स्पीकर ही सख्खी भावंडे. एक ऐकणारे, दुसरे बोलणारे.

या दोघांच्या मध्ये असतात केबल, मिक्सर आणि ॲम्प्लिफायर. (आमच्या संचात शेवटची दोन एकाच डब्यात आहेत.) माईकमधून निघणारी वीज व्होल्टच्या काही हजाराव्या भागाएवढी असते. ती वाढवत वाढवत शेवटी मोठा स्पीकर हलवायचा असतो. त्यामुळे वाटेत सुरुवातीला शिरलेला लहानसा दोषही शेवटी हजारपट मोठा होऊन ऐकू येतो. घडी घालताना कापडाच्या एका टोकाला पडलेली चूक दुसऱ्या टोकाला हातभर होते, तसेच हे.

दुरुस्तीचा पहिला नियम यातूनच निघतो. घाबरून सगळी बटणे फिरवू नयेत. साखळीच्या मधोमध जाऊन पाहावे. मिक्सरवर आवाजाचा दिवा नाचतो आहे काय? नाचत असेल तर माईक आणि त्याची केबल निर्दोष; बिघाड पुढे आहे. दिवा मेलेला असेल तर बिघाड मागे आहे. एका नजरेत निम्मी साखळी बाद होते. उरलेल्या निम्म्यात पुन्हा तेच. आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन वस्तू एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर दोष कोणात होता ते कळत नाही, आणि सदोष वस्तू पुन्हा पेटीत जाऊन पुढच्या गावी छळते.

शब्द हेच निदान

व्याकरणाच्या तासाला अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द शिकताना मला एक गंमत लक्षात आली. गुणगुण, खरखर, थरथर, फडफड हे शब्द आम्ही धंद्यात रोज वापरतो, आणि प्रत्येक शब्दाचा बिघाड वेगळा असतो. डॉक्टर खोकला ऐकून कोरडा की ओला ते सांगतात. त्याचप्रमाणे आण्णा मंडपाबाहेर उभे राहून नुसत्या कानाने सांगतात, "तीन नंबरची केबल बदल." म्हणून मी आवाजांच्या नावानेच पुढे जाते.

खरखर : दहांतून सात वेळा दोष केबलीचा, असा आमचा अनुभव आहे, आणि केबलीत तो बहुधा टोकाला असतो. माईकच्या केबलीत दोन तारा आणि त्यांभोवती जाळीचे वेष्टन असते. टोकाच्या प्लगला तीन पिना. पहिल्या पिनेला जाळी, दुसऱ्या व तिसऱ्या पिनेला त्या दोन तारा. कोणी केबल ओढून प्लग काढला की आतला जोड सैल होतो. तपासण्यासाठी माईक चालू ठेवून केबल एका टोकापासून हलक्या हाताने वाकवत जावे. जिथे खरखर उठते तिथे दुखणे. नंतर मल्टीमीटरने प्रत्येक पिन समोरच्या पिनेशी जुळते की नाही ते पाहावे आणि जोड नव्याने सोल्डर करावा. जोड आधी तापवावा आणि मग त्याला सोल्डर लावावे. नुसते सोल्डर वितळवून वरून थेंब टाकला तर तो चिकटल्यासारखा दिसतो, पण आतून सुटाच राहतो. चांगला जोड चकचकीत दिसतो. (शिसे नसलेले सोल्डर मात्र थोडे मंद दिसते.)

बटण फिरवतानाच खरखर होत असेल तर दोष धुळीचा. आमच्या माणदेशात पाऊस कमी आणि धूळ फार. अशा वेळी विजेच्या जोडांसाठी मिळणारा क्लीनरचा फवारा संच बंद करून मारावा आणि बटण दहा-वीस वेळा फिरवावे. मी लहानपणी एकदा शिलाई मशीनचे तेल घातले होते. दोन दिवस छान चालले. मग तेलावर धूळ बसून चिखल झाला आणि पट्टीच बदलावी लागली.

शिट्टी : माईकमध्ये शिरलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, तोच परत माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, आणि हे चक्र क्षणात इतके फिरते की शेवटी कुईऽऽ अशी शिट्टी उरते. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून याला लार्सन परिणाम म्हणतात. लोक माईकला दोष देतात, पण दोष बहुधा मांडणीचा असतो. स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असावेत. गायकासाठी ठेवलेल्या लहान स्पीकरचे तोंड माईकच्या पाठीकडे यावे, कारण गाण्याचे बहुतेक माईक पुढचे जास्त आणि पाठीमागचे कमी ऐकतात. काही हौशी गायक माईकची जाळी मुठीत धरतात. त्यामुळे मागची छिद्रे बुजतात, माईक चहूकडचे ऐकू लागतो आणि शिट्टी सुरू होते. माईक दांड्यालाच धरावा.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे तोंड माईकच्या जवळ आणणे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज 6 डेसिबलने वाढतो. एक वीत दूर गाणारे बुवा चार बोटांवर आले तर मिक्सरवरचा आवाज पुष्कळ खाली घेता येतो, आणि शिट्टीचे कारणच उरत नाही. शिवाय जो माईक कोणी वापरत नाही तो बंद ठेवावा. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी सुमारे 3 डेसिबल आधीच गाठते.

फाटका आवाज : आवाज 'फाटतो' हा शब्द किती नेमका आहे ते मला फार उशिरा कळले. ॲम्प्लिफायरला त्याच्या शक्तीपलीकडे ताणले की आवाजाच्या लाटेचे माथे कापले जातात. लाल दिवा लागतो तो याचाच इशारा. फाटका आवाज कानाला बोचतो आणि त्याच वेळी स्पीकरमधले बारीक आवाजाचे युनिट तापवून जाळतो. माईकची गेन सुरुवातीलाच इतकी ठेवावी, की गायक सर्वांत मोठ्याने गायला तरी लाल दिवा लागू नये.

वारकरी भजनात ही परीक्षा कठीण असते. पखवाजाची थाप अचानक येते, टाळांचा आवाज तीक्ष्ण असतो, आणि वीणा बिचारी दोघांच्या मध्ये हरवते. आम्ही टाळांना माईक देतच नाही. ते सगळ्या माईकांतून आपोआप येतात. पखवाजाला थोडे अंतर ठेवून एक, पेटीला एक, आणि बुवांचा माईक टाळकऱ्यांकडे पाठ करून. एवढ्यावर भजन उभे राहते.

ठप्प : आवाजच नाही. आधी स्विच, मग फ्यूज, मग केबल, शेवटी स्पीकर. स्पीकर ॲम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावला, तर जिवंत स्पीकर 'खट्' करतो. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लावले की पडदा बहुधा पुढे येतो. शेजारच्या दोन स्पीकरांपैकी एकाचा पुढे आणि दुसऱ्याचा मागे जात असेल, तर एकाच्या तारा उलट्या लागल्या आहेत. अशा वेळी दोन्ही स्पीकर वाजत असूनही आवाज पोकळ येतो, कारण एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. 8 ओहमच्या स्पीकरची मल्टीमीटरवर 6 ओहमच्या आसपास नोंद आली तर तो धडधाकट समजावा. काहीच नोंद आली नाही तर वेटोळे जळाले.

दोन पथ्ये येथेच सांगते. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की 4 ओहम होतात, चार जोडले की 2 ओहम. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर लिहिलेल्या आकड्याखाली कधीही जाऊ नये. आणि लांबवर टांगायचे कर्णे 100 व्होल्टच्या लाईनवर चालतात. त्या लाईनला साधा स्पीकर जोडला तर तो कायमचा गप्प होतो. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा नवा घालावा. त्याच्या जागी तांब्याची तार घालणे म्हणजे राखणदार कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधणे.

गुणगुण

गुणगुणीविषयी मी मुद्दाम शेवटी लिहीत आहे, कारण ते लिहिणे मला अवघड जाते.

आपल्याकडची घरगुती वीज 230 व्होल्टची आणि सेकंदाला 50 आवर्तनांची. ती आवाजाच्या साखळीत शिरली की खर्जातली संथ गुणगुण ऐकू येते. कारणे अनेक. माईकची केबल विजेच्या वायरीबरोबर लांबवर शेजारी नेली असेल (दोघींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे), केबलीची जाळी तुटली असेल, किंवा दोन यंत्रे दोन वेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगला जोडली असतील. या शेवटच्या प्रकारात दोन अर्थिंगच्या दाबांत थोडा फरक असतो, आणि केबलीच्या जाळीतून एक नको असलेला प्रवाह वाहू लागतो.

2023 च्या उन्हाळ्यात, अकरावीची परीक्षा संपल्यावर, एका गावी सप्ताहाचे काम होते. ॲम्प्लिफायरला वीज देवळातून घेतली होती. ध्वनिमुद्रणासाठी कोणीतरी लॅपटॉप आणला, त्याला वीज शेजारच्या घरातून. जोडताच गुणगुण सुरू. लोक वळून वळून पाहू लागले. आण्णा दुसऱ्या कामावर होते. मी कुठेतरी पाहिले होते, की अर्थिंगची तार काढली की गुणगुण जाते. मी ॲम्प्लिफायरच्या प्लगमधली हिरवी तार सोडवली. गुणगुण गेली. लोकांनी कौतुक केले. मी ते आण्णांना सांगितले नाही आणि तार परत जोडलीही नाही.

चार दिवसांनी दुसऱ्या गावी भजन होते. संध्याकाळी अंगणात सडा टाकला होता. बुवा अनवाणी उभे. त्यांनी स्टँडवरचा माईक जवळ ओढायला हात लावला आणि ते मागे फेकले गेले. माईक हातून सुटला म्हणून वाचले. बोटांना भाजल्याचे चट्टे आले. रात्रभर त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात ठेवावे लागले.

काय झाले होते? गाडीतल्या हिंदकळण्याने ॲम्प्लिफायरच्या विजेच्या वायरीचे वेष्टन, ती डब्यात शिरते त्या कडेवर, झिजले होते. आतली फेजची तार पत्र्याला टेकली. अर्थिंग जोडलेली असती तर सगळा प्रवाह तिच्यातून जमिनीत गेला असता, फ्यूज उडाला असता, आणि 'आज सेट बंद पडला' एवढीच तक्रार झाली असती. अर्थिंग नसल्यामुळे डबा जिवंत झाला. डब्यापासून केबलीच्या जाळीतून माईकच्या धातूच्या अंगापर्यंत वीज येऊन थांबली. आणि बुवांच्या ओल्या पायांतून तिला वाट मिळाली.

सकाळी आण्णांनी प्लग उघडून माझ्यासमोर ठेवला.

"ही तार कुणी सोडली?"

"मी."

ते ओरडले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आवाज बंद पडला तर लोक पैसं कापतील. माणूस पडला, तर काय करशील?"

या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. बुवांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी पट्टी बांधलेला हात डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "पोरी, पुढच्या सप्ताहाला तूच ये, पण तार जोडून ये." ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

म्हणून हे ठळकपणे सांगते : गुणगुण घालवण्यासाठी विजेच्या प्लगची अर्थिंग कधीही काढू नये. योग्य उपाय वेगळे आहेत. एकमेकांना जोडलेल्या सगळ्या यंत्रांना वीज एकाच ठिकाणाहून घ्यावी. तीन पिनांची बॅलन्स्ड केबल वापरावी; तिच्या दोन तारांत शिरलेला सारखाच त्रास मिक्सर वजाबाकी करून टाकतो. लॅपटॉपसारख्या यंत्राच्या आवाजाच्या केबलीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. तोवर लॅपटॉप बॅटरीवर चालवला तरी गुणगुण बहुतेक थांबते.

आता संच जोडण्यापूर्वी आण्णा किंवा जाणकार वायरमन मल्टीमीटरने बोर्ड तपासतात. फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 च्या आसपास, फेज आणि अर्थिंग यांच्यातही साधारण तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात मोजके व्होल्ट असावेत. नुसता टेस्टर अर्थिंग आहे की नाही हे सांगत नाही. जनरेटर असेल तर त्याची अर्थिंग आधी पाहावी लागते. शिवाय आमच्या बोर्डात आम्ही 30 मिलिॲम्पिअरचे आर.सी.सी.बी. बसवले आहे. वीज भलत्या वाटेने जमिनीत जाऊ लागली की ते क्षणार्धात पुरवठा तोडते. त्यावरचे 'टेस्ट' बटण प्रत्येक कार्यक्रमापूर्वी दाबायचे, हे काम माझ्याकडे आहे.

रोजची निगा

बाकीची निगा घरकामासारखीच. केबल कोपराभोवती गच्च गुंडाळू नये. आतल्या तारा पिळवटतात. एक वेढा सरळ आणि एक उलटा घेतला की पुढच्या वेळी ती न अडकता सुटते. बिघडलेल्या केबलीला तेथल्या तेथे गाठ मारावी, म्हणजे ती चुकून चांगल्यांत जात नाही. माईकची जाळी फिरवून काढावी, कोमट साबणाच्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. माईकच्या आत पाणी जाऊ देऊ नये. बिनतारी माईकमधले सेल काम संपताच काढावेत. संच चालू करताना ॲम्प्लिफायर शेवटी, बंद करताना तोच आधी. नाहीतर धडाम् असा धक्का स्पीकरला बसतो.

आणि रात्री दहाला आवाज थांबवावा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. शासनाने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढते. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. चांगला संच म्हणजे मोठा आवाज नव्हे. शेवटच्या रांगेतल्या आजीला शब्द कळावा आणि पहिल्या रांगेतल्या बाळाची झोप मोडू नये, ही आण्णांची व्याख्या मला पुरेशी वाटते.

येत्या स्नेहसंमेलनाच्या समितीला माझी एक विनंती आहे. पडदे, रोषणाई आणि हारतुरे यांच्या यादीत सर्वांत वर एक ओळ घालावी : 'रंगमंचाच्या बोर्डाची अर्थिंग वायरमनकडून तपासून घेणे.' खर्च नगण्य आहे. हे काम कोणाच्या लक्षात येणार नाही, त्यासाठी टाळ्याही पडणार नाहीत. पण गाणारा विद्यार्थी निर्धास्तपणे माईकला हात लावील.